गोव्यात बसून अनोळखी टेबलावर: ऑनलाइन ऑर्गनाइज्ड प्लेची सुरुवात

दशावतार पाहिला असेल तर टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ समजायला वेळ लागत नाही. पेडण्याकडे किंवा पलीकडे सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री जे आख्यान रंगतं, त्याची छापील संहिता कुणाच्या हातात नसते. कथा कुठून कुठे जायची ते ठरलेलं, राजा कोण आणि राक्षस कोण तेही ठरलेलं, संवाद मात्र उभ्या उभ्या सुचतात. या खेळात तेच घडतं, फक्त प्रेक्षक नसतात आणि शेवट कुणालाच ठाऊक नसतो. एक जण गेम मास्टर, म्हणजे जीएम. जगाचं वर्णन तो करतो आणि गावकरी, दरोडेखोर, ड्रॅगन या सगळ्यांच्या तोंडून बोलतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन बसतात आणि आपलं पात्र काय करतंय ते सांगत जातात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो.

फाशाचं गणित एकदाच समजून घ्या, मग ते सगळीकडे चालतं. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि समोरच्या आकड्याशी तुलना करायची. तुमच्या तिरंदाजाचा हल्ल्याचा बोनस 7 आहे आणि गोब्लिनचा बचावाचा आकडा, म्हणजे आर्मर क्लास, 16 आहे असं धरा. फाशावर 9 पडले तर बेरीज 16 होते, बाण लागला. 8 पडले तर चुकला. पाथफाइंडर या खेळात बेरीज समोरच्या आकड्यापेक्षा 10 ने वर गेली तर नुकसान दुप्पट होतं. कुलूप उघडणं, पहारेकऱ्याला थाप मारणं, कड्यावरून उडी घेणं, सगळ्याला हीच रीत. नियमांचं पुस्तक चारशेच्या वर पानांचं असलं तरी पहिल्या रात्री लागतं ते एवढंच.

नियम हा सोपा भाग. अवघड आहे ते पाच माणसांना दर आठवड्याला एका वेळी एकत्र बसवणं. गोव्यात तर बघायलाच नको. एकाची वेर्ण्याच्या फार्मा कंपनीत शिफ्ट. दुसरी कळंगुटच्या हॉटेलात, सीझन सुरू झाला की तिचं दर्शन नाही. तिसरा बोटीवर चढला की कित्येक महिने गायब. चौथ्याच्या घरी आधी चवथ, मग जत्रा, मग कुणाचं तरी लग्न. घरगुती मोहीम, म्हणजे बैठकीमागून बैठक पुढे जाणारी एकच लांब कथा, अशाने थोड्याच बैठकांत आटोपते, आणि तिच्याबरोबर तुमचं पात्रही संपतं, कारण ते त्या एका कथेतच जगत होतं.

ऑर्गनाइज्ड प्लेने नेमकी हीच गाठ सोडवली आहे. खेळ काढणारी कंपनी चार-पाच तासांत पुरी होणारी छोटी साहसं छापते. पाथफाइंडरवाले त्यांना सिनारिओ म्हणतात. जगभरातले जीएम तीच साहसं त्याच नियमांनी चालवतात. पात्र टेबलाचं नसतं, तुमचं असतं. आज ते एका जर्मन जीएमकडे खेळलं, पुढच्या महिन्यात सिंगापूरच्या टेबलावर गेलं, तरी त्याचं सोनं, त्याची पातळी, त्याच्या जखमांचा इतिहास सगळं त्याच्याबरोबर जातं. मध्ये सहा महिने खंड पडला तरी कुणी रागावत नाही. पात्र वहीत तसंच थांबलेलं असतं.

कल्पना जुनी आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स 1974 मध्ये आला आणि 1980 मध्ये त्याच्या प्रकाशकांनी आरपीजीए नावाची खेळाडूंची संघटना काढली. तिथून सामाईक मोहिमांची परंपरा सुरू झाली. 2000 ते 2008 दरम्यान चाललेल्या लिव्हिंग ग्रेहॉक या मोहिमेत तर तुम्ही खऱ्या जगात ज्या देशात किंवा राज्यात राहता, त्यावरून काल्पनिक जगातलं तुमचं संस्थान ठरत असे. पाथफाइंडरची अशी मोहीम म्हणजे पाथफाइंडर सोसायटी, ती 2008 ची, डन्जन्स अँड ड्रॅगन्सची आताची अ‍ॅडव्हेंचरर्स लीग 2014 ची. हे सगळं मुख्यतः खेळांच्या दुकानांत आणि खेळाडूंच्या अधिवेशनांत चालायचं. 2020 च्या टाळेबंदीत जेन कॉनसारखं मोठं अधिवेशनही ऑनलाइन भरवावं लागलं, आणि तेव्हा ऑनलाइन टेबलांना जी गर्दी झाली ती नंतर पुरती ओसरली नाही. दुकान नसलेल्या प्रदेशातल्या आपल्यासारख्यांचा त्यात फायदाच झाला.

आता नवख्यांना सगळ्यात कंटाळवाणा वाटणारा भाग: आकडे, नोंदी, कागद. माझ्या मते ऑर्गनाइज्ड प्लेचा खरा शोध हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मित्रांच्या घोळक्यात तुमच्या पात्राकडे जादूची तलवार कुठून आली ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. अनोळखी टेबलावर कुणी पाहिलेलं नसतं. तुम्ही म्हणाल ते सहा परक्यांनी खरं का मानावं? म्हणून पात्र बनवतानाच दैव बाजूला काढलेलं असतं. अ‍ॅडव्हेंचरर्स लीगमध्ये ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे गुणांसाठी फासे टाकायला बंदी आहे. 15, 14, 13, 12, 10, 8 हे ठरलेले आकडे वाटून घ्यायचे किंवा ठरावीक गुणांच्या बजेटमध्ये ते विकत घ्यायचे. पातळी वाढताना आयुष्याचे गुणही, म्हणजे पात्र किती मार सोसेल तो आकडा, फाशाने न ठरवता ठरलेल्या आकड्याने वाढतात. सगळे एकाच रेषेवरून निघतात, त्यामुळे "हिचे सगळे आकडे अठरा कसे?" हा प्रश्नच उठत नाही.

पाथफाइंडर सोसायटीत याच्यापुढची व्यवस्था आहे. पाथफाइंडर काढणाऱ्या पैझो या कंपनीच्या साइटवर फुकट खातं उघडलं की तुम्हाला एक खेळाडू क्रमांक मिळतो. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत त्या क्रमांकापुढे 2001 लिहिलं की तुमचं पहिलं पात्र, 2002 लिहिलं की दुसरं. खेळ संपला की जीएम त्या क्रमांकावर नोंद करतो आणि तुम्हाला क्रॉनिकल नावाचं एक पान पाठवतो. कोणता सिनारिओ, किती अनुभवगुण, किती सोनं, काय खास मिळालं, सगळं त्यावर असतं. एका सिनारिओला साधारण 4 अनुभवगुण मिळतात आणि 12 झाले की पातळी वाढते, म्हणजे तीन रात्रींना एक पातळी. एकच सिनारिओ खेळाडू म्हणून पुन्हा खेळून पुन्हा श्रेय घेता येत नाही, काही मोजके पुन्हा खेळता येण्याजोगे ठेवलेले आहेत तेवढे सोडून. रहस्य आधीच माहीत असलेला माणूस टेबलावर बसला की बाकीच्यांची मजा जाते, हे त्यामागचं साधं कारण.

ही पानं एका फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे जपून ठेवा. पुढचा जीएम ती मागेलच असं नाही, बहुतेक जण मागत नाहीत. पण मागितली आणि तुमच्याकडे निघाली, की तिथे तुमची ओळख झाली.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स घ्यावा की पाथफाइंडर, हा प्रश्न सगळे विचारतात. नाव डन्जन्सचं मोठं, नियम तुलनेने हलके, आणि 2023 पासून मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली फुकट आहे. लीगमध्ये पातळ्यांचे चार गट आहेत: 1 ते 4, 5 ते 10, 11 ते 16 आणि 17 ते 20. नोंदी तुमच्या तुम्ही ठेवायच्या. पाथफाइंडरचे नियम जाड आहेत, पण आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर कंपनीच्या संमतीने जवळजवळ सगळेच्या सगळे फुकट वाचायला मिळतात, आणि प्रत्येक पात्राला आपल्या पाळीत तीन कृती ही त्याची रचना लवकर अंगवळणी पडते. ऑनलाइन आणि तेही ऑर्गनाइज्ड खेळायचं असेल, तर मी पाथफाइंडर सोसायटीकडे बोट दाखवीन. केंद्रीय नोंद असल्यामुळे परक्या टेबलावर बसणं तिथे सर्वांत सुटसुटीत आहे. ज्यांना तलवारींपेक्षा अंतराळयानं आवडतात त्यांच्यासाठी त्याच कंपनीची स्टारफाइंडर सोसायटी 2017 पासून आहे. पुढचं वर्णन पाथफाइंडर धरून करतो. लीगमध्येही वाट साधारण हीच.

पहिल्या खेळासाठी स्वतःचं पात्र बनवू नका. हा सल्ला लोकांना आवडत नाही, कारण पात्र बनवण्यातच निम्मी मजा असते. पण काय बनवायचं हे एकदा खेळल्याशिवाय कळत नाही. कंपनीने तयार पात्रं दिलेली आहेत, त्यांना प्रीजेन म्हणतात. व्हॅलेरोस हा लढवय्या किंवा मेरिसिएल ही चोर घ्या. एझ्रेन हा जादूगार पहिल्या रात्री टाळा, त्याच्या मंत्रांची यादी वाचण्यातच तास जाईल. कायरा ही धर्मोपदेशिका जखमा भरते, त्यामुळे टेबल तुमच्यावर खूश राहतं, पण थोडी आधी वाचून यावी लागते. आणि प्रीजेनने खेळलात तरी मिळालेलं श्रेय नंतर तुमच्या स्वतःच्या पहिल्या पातळीच्या पात्राला लावता येतं, त्यामुळे काहीच वाया जात नाही. पुढे स्वतःचं बनवायला पाथबिल्डर हे अ‍ॅप चांगलं. बेरजा तेच करतं.

टेबल शोधायला वॉरहॉर्न नावाची साइट आहे. तिथे ऑनलाइन खेळांचे कार्यक्रम लागलेले असतात: कोणता सिनारिओ, कोणत्या पातळीसाठी, किती जागा उरल्या, कोणती भाषा, कोणतं सॉफ्टवेअर. टेबलावर बहुधा चार ते सहा खेळाडू घेतात. जागा भरल्या असतील तर प्रतीक्षायादीत नाव घाला, शेवटच्या दिवशी कुणी ना कुणी गळतंच. पहिल्यांदाच खेळत असाल तर नोंदणी करताना तसं लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, उलट बरेच जीएम नवख्यांसाठी संथ टेबल लावतात.

नोंदणी झाली की डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरच्या सर्व्हरचा पत्ता मिळतो. बोलणं तिथे आवाजावर चालतं. नकाशा आणि फासे व्हर्च्युअल टेबलटॉपवर, म्हणजे पडद्यावरच्या टेबलावर असतात, आणि तिथे दोन नावं सतत कानावर येतील: रोल20 आणि फाउंड्री. रोल20 मध्ये खेळाडूला फुकट खातं पुरतं. फाउंड्रीचा परवाना फक्त जीएमने घ्यायचा असतो, तुम्ही दुवा उघडून आत जायचं. दोन्हीला लॅपटॉप बरा, फोनच्या पडद्यावर नकाशा आणि पात्राचं पान एकत्र मावत नाही. खेळाच्या आदल्या दिवशी एकदा आत जाऊन आपली सोंगटी हलते का, माइक चालतो का ते बघून ठेवा.

गोव्यातून खेळताना नियमांपेक्षा घड्याळ जास्त छळतं. बहुतेक टेबलं अमेरिकेची. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी संध्याकाळी 7 वाजता लागणारं टेबल म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे 4:30, आणि त्यांच्या हिवाळ्यात 5:30. हे वेड रोज झेपण्यासारखं नाही. पण पश्चिम किनाऱ्याची संध्याकाळ बघा: त्यांच्या शनिवारी 7 वाजता आपल्याकडे रविवार सकाळचे 7:30 असतात, हिवाळ्यात 8:30. भाजी-पाव खाऊन बसायचं आणि दुपारच्या जेवणाला उठायचं. बाजारातून मासे मात्र दुसऱ्या कुणाला तरी आणू द्या. ब्रिटनचं संध्याकाळी 7 चं टेबल आपल्याला रात्री 11:30 ला पडतं, हिवाळ्यात 12:30 ला. सिंगापूरचं रात्री 8 चं टेबल आपल्या 5:30 ला, सिडनीचं संध्याकाळी 7 चं आपल्या दुपारी 2:30 ला, त्यांच्या उन्हाळ्यात 1:30 ला. नोकरी करणाऱ्या गोंयकाराला आशियाची टेबलं आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची टेबलं, या दोनच गोष्टी खऱ्या सोयीच्या.

घोळ होतो तो मार्चमध्ये आणि शरदात. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मागे करताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. आपलं घड्याळ हलत नाही, म्हणून नेहमीचं टेबल अचानक तासाने सरकतं. आयोजक डिस्कॉर्डवर वेळेचा जो खास शिक्का टाकतात तो ज्याच्या-त्याच्या घड्याळाप्रमाणे दिसतो. त्यावर विश्वास ठेवा, स्वतःच्या बेरजेवर नको.

पावसाळ्यात करंट जाणार हे गृहीत धरा. लॅपटॉपला बॅटरी असते, बिचाऱ्या राउटरला नसते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घेणं हा या छंदातला माझ्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाचा खर्च. विजा कडाडायला लागल्या तर मात्र राउटर सरळ काढून ठेवा आणि फोनच्या हॉटस्पॉटवर या. डेटाची धास्ती नको: डिस्कॉर्डवरचा आवाज मुळात 64 केबीपीएसला असतो, म्हणजे एक जण सतत बोलत राहिला तरी चार तासांचे सव्वाशे एमबीही होत नाहीत. जड असतात ते नकाशे, आणि ते सुरुवातीला एकदाच उतरतात. "आमच्याकडे पावसात लाइट जाते, गायब झालो तर दहा मिनिटांत येतो" असं जीएमला खेळाआधीच लिहून ठेवलं तर तो तोवर तुमच्या पात्राला एखाद्या कोपऱ्यात सुरक्षित उभं करतो. न सांगता गायब होणं मात्र या मंडळींना खपत नाही. जागा अडवून न येणाऱ्याचं नाव लोक लक्षात ठेवतात.

टेबलावर बोलायचं काय, याची भीती बऱ्याच जणांना असते, विशेषतः इंग्रजीत. नाटकी आवाज काढायची सक्ती कुठेच नाही. "माझं पात्र पुजाऱ्याला नमस्कार करून विचारतं की तळघराची किल्ली कुणाकडे असते" एवढं सांगितलं तरी तो पुरेपूर रोलप्ले आहे. टेबलावर पोलंडचा, ब्राझीलचा, फिलिपाइन्सचा माणूस असू शकतो, उच्चारांचं कुणाला काही पडलेलं नसतं. सोसायटीचं ब्रीदच आहे: शोधा, अहवाल द्या, सहकार्य करा. त्यातल्या तिसऱ्या शब्दाला नियमाचं बळ आहे, दुसऱ्या खेळाडूच्या पात्रावर त्याच्या संमतीशिवाय हल्ला करता येत नाही. एखादा प्रसंग नकोसा वाटला, रक्तपात असो की कोळी, तर चॅटमध्ये नुसतं एक्स हे अक्षर लिहिलं की जीएम तो भाग वगळून पुढे जातो. कारण विचारायचं नसतं. अनोळखी माणसांत ही सोय फार मोलाची आहे, विशेषतः एकट्याने पहिल्यांदा येणाऱ्या मुलींसाठी.

आणि ज्यांना ठरलेल्या वेळी बसणं शक्यच नाही त्यांच्यासाठी प्ले-बाय-पोस्ट आहे. यात सगळे एकाच वेळी हजर नसतात. जीएम प्रसंग लिहून टाकतो, तुम्ही दिवसातून एखाद-दोनदा जाऊन आपल्या पात्राची कृती लिहायची, फासेही तिथेच टाकायचे. चार तासांचा सिनारिओ अशाने काही आठवडे चालतो, कधी दोन महिने. क्रॉनिकल अगदी तेच मिळतं. शिफ्ट ड्युटीवाल्यांना आणि बोटीवरच्यांना हे जणू मुद्दाम केल्यासारखं आहे, आणि बोलण्यापेक्षा लिहिण्यात ज्यांचं इंग्रजी बरं आहे त्यांनाही. धीर मात्र हवा. एक लढाई आठवडाभर चालते, आणि कधी कधी मधेच कुणीतरी लिहायचं बंद करतं.

पैशांचं थोडक्यात: स्वयंसेवक जीएमच्या टेबलांना बहुधा काही द्यावं लागत नाही. पैसे घेऊन खेळ चालवणारे व्यावसायिक जीएमही आहेत, पण सुरुवातीला त्यांच्याकडे जायची गरज नाही. पुस्तकांबाबत एक अट लक्षात ठेवा: मुख्य पुस्तकाबाहेरचा एखादा पर्याय पात्राला द्यायचा असेल तर ज्या पुस्तकात तो आहे ते तुमच्या मालकीचं असावं लागतं, पीडीएफ चालते. साइटवर फुकट वाचता येणं म्हणजे वापरायची मुभा नव्हे. प्रीजेनने खेळत आहात तोवर हा प्रश्नच येत नाही, म्हणून डॉलरमध्ये खरेदी करण्याआधी काही खेळ होऊ द्या.

खेळाडू म्हणून थोडं रुळलात की जीएम व्हायचा विचार करा. जीएमची टंचाई सगळीकडेच असते, आणि सिनारिओ चालवल्याचं क्रॉनिकल जीएमलाही आपल्या एखाद्या पात्रासाठी मिळतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कार्यक्रमाची नोंद पैझोच्या साइटवर कुणालाही करता येते, घरगुती टेबलाचीही. सिनारिओ इंग्रजीत छापलेला असतो, टेबलावरची भाषा कोणती असावी याची अट नाही. जर्मनीत, फ्रान्समध्ये लोक आपापल्या भाषेत खेळतात आणि त्यांची क्रॉनिकलं इथल्यासारखीच धरली जातात. फोंड्याचा एक, डिचोलीची एक, पुण्याला शिकायला गेलेला भाचा आणि दुबईतली मैत्रीण एवढे डिस्कॉर्डवर जमले, तर जीएमसकट मराठी टेबलाला फक्त एक-दोन माणसं कमी पडतात, आणि तीही वॉरहॉर्नवर भाषेच्या रकान्यात मराठी लिहून शोधता येतील.